पाहुणीची हजेरी

१

नोटीस सकाळी दहाला लागली आणि सव्वादहापर्यंत वरच्या मजल्यावर रडारड सुरू झाली. ‘रेडिओसाठी लेखन आणि ध्वनिमुद्रण’ या विषयाला अकराच जणांनी नावं दिली होती. शुक्रवारपर्यंत बारा झाले नाहीत तर विषय बंद.

युनिव्हर्सिटी खासगी आणि एवढीशी. तीन इमारती, एक कँटीन, एक मैदान. पहिल्या इमारतीत कुणी शिंकलं तर तिसरीतून ‘औषध घे’ ऐकू यायचं. अशा ठिकाणी बारावा माणूस आणायचा कुठून? अकराजणांनी हॉस्टेल पालथं घातलं, कँटीनवाल्याला गळ घातली, ग्रंथपालबाईंना मस्का लावला. कुणी बधेना.

या अकरांत एक मुलगी होती. तिला सगळे सेक्रेटरी म्हणत, कारण पहिल्याच आठवड्यात तिने कुणी न सांगता सगळ्यांच्या तासांचं वेळापत्रक करून वाटलं होतं. घरी ती आणि आई, माणसं दोनच. आई नर्स, कायमची रात्रपाळी. सकाळी सातला आई घरी यायची आणि साडेसातला मुलगी शाळेला निघायची. मधल्या अर्ध्या तासात दोघींचा संसार व्हायचा. त्या अर्ध्या तासावर ती लहानाची मोठी झाली होती, आणि हॉस्टेलवर तिला आठवण यायची ती त्याचीच.

कल्पना निघाली ती तिच्याच डोक्यातून. गावातल्या कुणालाही एक विषय फुकट शिकू देणारी योजना युनिव्हर्सिटीत होती. फॉर्मवर नाव, सही, संपलं. फोटोसुद्धा नको.

“माणूस कशाला हवंय?” ती कँटीनच्या टेबलावर हात आपटून म्हणाली. “नाव हवंय!”

मग असा काही हशा उसळला की कँटीनवाल्याने रेडिओ बंद करून बघितलं. वर्गातल्या सर्वज्ञाने, ज्याला सगळे पंडित म्हणत, डाव्या हाताने बायकी वळणाची सही ठोकली. ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी जांभई देत शिक्का मारला. रोल नंबर बारा! विषय वाचला! फॉर्मवरचं नाव दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. सगळे तिला पाहुणी म्हणू लागले.

२

हे खपलं, कारण सर. सरांचं आयुष्य रेडिओत गेलेलं, डोळे आता अधू. हजेरी घेताना ते चष्मा काढून ठेवायचे आणि डोळे मिटायचे. “चेहरा काय, कुणीही धुऊन पुसून आणतो,” ते म्हणायचे. “माणूस आवाजाने ओळखावा.” एक, दोन, तीन असे नंबर घेत जायचे आणि प्रत्येक ‘हजर’नंतर मान किंचित हलवायचे.

बाराचं ‘हजर’ भोंगा द्यायचा. नाव भोंगा, पण गळ्याचा पक्का कलाकार. असा नाजूक, लाजरा आवाज काढायचा की मुली खाली वाकून ओढण्या तोंडात कोंबायच्या. सर मान हलवायचे. तास सुटला की जिन्यात दंगा! सेक्रेटरीची रूममेट, जिला तिच्या उपदेशांमुळे सगळे मावशी म्हणत, तेवढी बजावायची, “हसा, हसा. खोट्याच्या कपाळी गोटा असतो म्हणतात.”

“गोटा पाहुणीच्या कपाळी,” भोंगा म्हणायचा. “आपल्याला काय त्याचं?”

दिवस असे मजेचे की विचारू नका. एकाच लबाडीत सामील झालेल्या माणसांची दोस्ती फार लवकर होते. अकरा अनोळखी मुलं पंधरा दिवसांत एका ताटातली झाली. पाहुणीची टिपणं पंडित लिहायचा, तिचे प्रश्न मावशी विचारायची, तिच्या नावावर लायब्ररीतून पुस्तकं निघायची. प्रत्येकाने आपलं थोडं थोडं तिला दिलं. सेक्रेटरीने यादी ठेवली होती, कुणी कधी काय दिलं याची. अर्थात!

३

पहिला स्वाध्याय होता, ‘माझं घर, तीन मिनिटांत.’ शब्द नकोत, फक्त घरातले आवाज.

सेक्रेटरी शनिवार-रविवारला घरी जाऊन आली. दोन्ही दिवशी सकाळी सातला तिने दाराशी फोन धरला. शनिवारचं ध्वनिमुद्रण देखणं झालं: कुलपात किल्ली, चपला काढल्याचा आवाज, स्टीलच्या वाटीत किल्ल्या पडल्याचा खणकन नाद, एक दमलेला उसासा आणि आईची हाक, “भिंगरी, उठलीस का गं?” लहानपणी पाय एका जागी ठरत नसत, म्हणून आई तिला भिंगरी म्हणायची. रविवारचं मात्र फसलं. कडी अडकली, आई कडीवर करवादली आणि मग स्वतःच्याच करवादण्याला खळखळून हसली.

सोमवारी सकाळी ध्यानात आलं की पाहुणीचा स्वाध्याय कुणीच केलेला नाही. प्रत्येकाला वाटलेलं, दुसरा करील. वेळ उरला होता दहा मिनिटांचा. सेक्रेटरीने फारसा विचार न करता रविवारचं, फसलेलं, बारा नंबरच्या फोल्डरमध्ये टाकून दिलं.

सरांनी एकेक ऐकवलं. तिचं शनिवारचं ऐकून म्हणाले, “स्वच्छ आहे.” मग बाराचं लागलं. स्टुडिओच्या जाड भिंतींमध्ये आईचं हसू असं काही भरून राहिलं की कुणी श्वास घेईना. संपल्यावर सरांनी डोळे न उघडताच मान हलवली.

“हे घर आहे,” ते म्हणाले. “बारा, ही तुझी आई ना? जप हो तिला.”

“हो सर,” लाजरा आवाज म्हणाला.

सेक्रेटरीला ते टोचलं. आपलीच आई, आपलंच ध्वनिमुद्रण, आणि कौतुक न जन्मलेल्या मुलीचं! मग तिचं तिलाच हसू आलं. असूया करावी, पण निदान माणसाची तरी करावी. बाहेर आल्यावर ती भोंग्याला म्हणाली, “काय झकास बोललास रे, ‘हो सर’!”

भोंग्याने तोंडातला च्युइंगगम एका गालातून दुसऱ्या गालात नेला. “मी कुठे? मला वाटलं तूच बोललीस.”

४

एका वाक्याने काही होत नाही. वर्गात बारा जण... अकरा जण असतात, कुणीतरी बोललं असेल. सेक्रेटरीने प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. सगळेच खोटं बोलण्यात तरबेज झालेले, त्यामुळे कुणाला पकडणार?

पुढच्या आठवड्यात भोंग्याचा घसा बसला. तो खोलीतच पडून राहिला आणि हे सांगायचं विसरला. सर चष्मा काढून डोळे मिटून बसले. “नऊ.” “हजर.” “दहा.” दहा भोंग्याचा, शांतता. तेव्हा कुठे सेक्रेटरीच्या लक्षात आलं, बाराचं ‘हजर’ द्यायला आज कुणीच नाही. “अकरा.” “हजर,” ती म्हणाली, कारण अकरा नंबर तिचाच. आता बारा. तिने आवाज बारीक करायला घसा आवळला.

“बारा.”

“हजर.”

तिने तोंडही उघडलं नव्हतं. आवाज आला तो तिच्या उजवीकडून. उजवीकडे एक रिकामी खुर्ची आणि भिंत. सरांनी मान हलवली आणि पुढचा विषय सुरू केला. समोर पंडित अंगठा वर करून डोळे मिचकावत होता: वा, सेक्रेटरी, छान जमलं!

ती तासभर भिंतीकडे बघत राहिली. स्टुडिओत आवाज भिंती खातात, हे सरांनीच शिकवलं होतं. मग एखादा आवाज भिंतीवरून सरकून भलत्याच बाजूने येत असेल. मावशीने दिला असेल. मावशी डावीकडे बसते, ते वेगळं.

तास संपल्यावर हेडफोन खुंट्यांवर टांगायचं काम तिचं. बारा हेडफोन. तिने ते नेहमीसारखे मोजून अडकवले. शेवटचा, जो कधीच कुणी वापरत नसे, हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. त्याचे स्पंज उबदार होते. कुणीतरी नुकताच कानावरून काढून ठेवल्यासारखे.

“कुणी घातला हा?” तिने विचारलं. पण सगळे मॅचची वेळ झाली म्हणून जिन्यावरून धडधडत खाली गेले होते.

५

रविवारी तिने आईला फोन लावला.

“अगं, परत?” आई हसत म्हणाली. “काल तासभर बोलून पोट भरलं नाही का?”

“काल?”

“बरं वाटतं गं पण. पूर्वी आठवड्याला एक फोन करायचीस, तोही घाईत. आता रोज करतेस. ड्यूटीवरच्या सगळ्याजणी म्हणतात, तुमच्या भिंगरीला आईचं वेड लागलंय.”

सेक्रेटरी हॉस्टेलच्या जिन्यात बसली. काल ती ग्रंथालयात होती, फोन खोलीत चार्जिंगला. तिने कॉलची यादी उघडून बघितली. कालची ओळ नव्हती. रात्रपाळी करून करून आई थकली, दिवसांची गल्लत करते, दुसरं काय! नर्स मंडळींना वार कुठला आणि तारीख कुठली.

“आणि ऐक,” आईच्या आवाजात असा काही आनंद होता की बाकी सगळं मागे पडलं, “रजा मिळाली! शनिवारी तुमचा तो कार्यक्रम आहे ना, पालकांना बोलावलेला? येतेय मी!”

सेक्रेटरीने अशी किंकाळी फोडली की तीन खोल्यांची दारं उघडली. तीन वर्षांत आईला सलग दोन दिवस रजा मिळाली नव्हती. आई येणार! आपली खोली बघणार, स्टुडिओ बघणार, मावशीला आणि भोंग्याला भेटणार! ती मावशीला मिठी मारून नाचली, दोघी मिळून पलंगावरून पडल्या. त्या रात्री तिने यादी केली: आईला काय काय दाखवायचं. बावीस गोष्टी.

फोन ठेवताना आई काय म्हणाली होती, ते तिला यादीच्या एकविसाव्या ओळीला आठवलं. आई म्हणाली होती, “तू सांगितलंस त्याच बसने येते.”

तिने कुठलीच बस सांगितली नव्हती.

६

बुधवारी दुपारी तिने मनाशी ठरवलं. चूक एवढीच की आईचा आवाज भलत्या फोल्डरमध्ये आहे, तो काढायचा. यात घाबरण्यासारखं काही नाही, हे तिने जिना चढताना स्वतःला चारदा सांगितलं.

स्टुडिओ रिकामा होता. खिडकीतून मैदानावरचा आरडाओरडा येत होता. दार लावल्यावर तो कापल्यासारखा थांबला. तिने हेडफोन चढवला आणि बारा नंबरचं फोल्डर उघडलं.

एक फाइल असायला हवी होती. एकोणतीस होत्या.

पहिली रविवारचीच. दुसरी लावली. कुलपात किल्ली, वाटीत खणकन नाद, आईचा उसासा. आणि आईचा खोकला. तो खोकला आईला गेल्या आठवड्यात झाला होता. दाराशी फोन धरायला त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं.

“भिंगरी, उठलीस का गं?”

आणि घराच्या आतून कुणीतरी म्हणालं, “हो, आई.”

तो भोंग्याचा आवाज नव्हता. मावशीचा नव्हता. पण ‘हो’ म्हणताना शेवटी जरा वर नेण्याची पंडितची लकब त्यात होती, मावशीचं ते बोलण्याआधी श्वास घेणं होतं, आणि उरलेलं सगळं तिचं स्वतःचं होतं. पुढे पावलं वाजली. दोन पेल्यांत चहा ओतला गेला. आई दमून काहीतरी सांगू लागली, वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याची गंमत, आणि दोघी हसल्या. सकाळचा तोच अर्धा तास होता, पुरा.

सेक्रेटरीने सगळ्या फाइल निवडल्या. ‘कायमचं काढून टाकायचं का?’ पडद्यावर प्रश्न आला. बटण दाबायचं, बस्स. पण हेडफोनमध्ये आई अजून हसत होती. इतकी मोकळी हसताना तिने आईला शेवटचं कधी ऐकलं होतं? हे हसू पुसायचं? आपल्याच हाताने? बोट बटणावर होतं आणि दाबलं जाईना. ‘शनिवारनंतर,’ ती मोठ्याने म्हणाली. ‘आई येऊन गेली की काढू.’ आणि नको असलेल्या कामाला माणूस जशी तारीख देतो तशी तारीख देऊन तिने संगणक बंद केला.

तिथून ती तडक सरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. फॉर्म, सही, हजेरी. विषय बंद करा, नाव काढा, काय वाटेल ते करा.

सर डोळे मिटून ऐकत होते. शेवटी हसले.

“बारा नाही म्हणतेस?” ते म्हणाले. “अगं, तुम्हा सगळ्यांत मन लावून शिकणारी तेवढी एकच. रोज तास संपला की थांबते, शंका विचारते. परवा सांगत होती, आई येणार आहे म्हणून. किती आनंदात होती पोरगी!” मग त्यांनी मान तिच्या दिशेने वळवली आणि कपाळाला आठी घातली. “तू कोण म्हणालीस? आवाज नीट लागत नाही तुझा.”

७

शनिवार! सकाळपासून सगळ्या आवारात लगबग. पंडित चक्क इस्त्रीचा शर्ट घालून आला. भोंग्याचे वडील आले, आणि भोंगा का भोंगा आहे ते सगळ्यांना एका नमस्कारात कळलं. सेक्रेटरी साडेदहापासून फाटकाशी उभी होती. सरांचं वय झालंय, त्यांना भास होतात, असं तिने बुधवारपासून ठरवून टाकलं होतं आणि त्या ठरवण्याला ती घट्ट धरून होती. आई आली की सगळं ठीक होईल. आईला बघितलं की काहीही ठीक होतं, ताप असो की परीक्षा.

अकराची बस आली. सगळे उतरले. आई नाही.

फोन लावला, आई दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होती. पुन्हा लावला, तेच. साडेअकराची बसही रिकामी झाली. तेवढ्यात मावशी धावत आली, गाल लाल, खुशीत. “अगं, इथे काय करतेस? कार्यक्रम सुरू होतोय! आणि काय गोड आई आहे गं! माझे गालच ओढले त्यांनी!”

“कुणाची आई?”

मावशी काहीतरी सांगायला गेली आणि अडखळली. तिच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जसा ओठांवर आलेलं नाव हरवल्यावर येतो. “ती... आपली...” ती म्हणाली. “वर आहेत. स्टुडिओत.”

सेक्रेटरी पळाली. जिना, बोळ, सभागृहाचं उघडं दार, आत खुर्च्यांची खडखड. त्याला लागूनच स्टुडिओ. दारावरचा तांबडा दिवा लागलेला होता. आत ध्वनिमुद्रण चालू असलं की तो लागतो. दाराला आतून कडी. बाजूच्या जाड काचेला तिने कपाळ टेकलं.

आई आत होती. निळी, लग्नकार्याला नेसायची साडी, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. ती हसत होती. तिच्यासमोर, काचेकडे पाठ करून, कुणीतरी बसलं होतं. खांदे दिसले, मानेवर बांधलेले केस दिसले. टेबलावरून एक हात पुढे झाला आणि आईच्या हातावर अलगद बसला. त्या हाताची बोटं एका जागी ठरत नव्हती. टेबलावर सारखी नाचत होती, भिरभिर, भिरभिर.

“आई!” तिने काचेवर मुठी मारल्या. “आई! अगं, इकडे बघ!”

काच आवाज खात होती. आतली मान हलली, हळूहळू वळू लागली. गालाची कड दिसली, आणि सेक्रेटरीने डोळे मिटून घेतले. का मिटले, ते तिला सांगता आलं नसतं. एवढंच कळलं, की ते तोंड बघितलं तर आपल्याला आपलं स्वतःचं आठवणार नाही.

कडी निघाल्याचा आवाज झाला. तिने डोळे उघडले तेव्हा दिवा विझलेला होता आणि आई दारात एकटी उभी होती. साबणाचा आणि दवाखान्याचा तो वास आला. सेक्रेटरी धडपडत आईच्या गळ्यात पडणार, तोच आईने तिचे दोन्ही दंड धरले, सावरायला धरतात तसे.

“अगं, अगं! हळू. चक्कर येतेय का?” आई म्हणाली. रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलायचा तिचा तो आवाज होता, मायाळू आणि परका. “तू सेक्रेटरी ना? बरोब्बर ओळखलं की नाही? आमची भिंगरी दिवसभर तुझंच कौतुक सांगत असते. तुझ्यामुळेच मला प्रवेश मिळाला म्हणते.”

“आई, मी,” ती म्हणाली. “मी आहे गं. मी.”

आईने तिच्या कपाळावर हात ठेवला. तोच हात, खरखरीत, गार. तिने पुष्कळ वेळ तो तिथेच ठेवला आणि तिच्याकडे निरखून बघितलं. एक क्षण, फक्त एकच क्षण, आईच्या कपाळावर आठी पडली.

“आई, चल ना!” सभागृहातून हाक आली. “सुरू होतंय!”

“आले गं, भिंगरी!” आईचा चेहरा उजळला. कपाळावरचा हात निघाला. जाता जाता ती पुन्हा वळली, कारण आजारी पोराला तसंच टाकून जाणं तिला कधीच जमलेलं नव्हतं. पर्समधून पाण्याची बाटली काढून तिने सेक्रेटरीच्या हातात दिली.

“कणकण आहे अंगात. थोडं थोडं पाणी पी, आणि एकटी राहू नकोस,” ती म्हणाली. “तुझ्या आईला कळवलंस का, बाळा?”